टाकसाळीची चूक की नंतरचा मार?

प्रश्न : मालवणच्या बाजारात मासळी घेताना परत आलेल्या सुट्ट्यांत पाच रुपयांचं नाणं मिळालं. कडेला चंद्रकोरीएवढा तुकडाच नाही. कुणी कानशीने घासलंय का?

उत्तर : तुकडा गेलाय ती जागा सोडा, तिच्या बरोबर समोरची कड बघा. टाकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात. पट्टी पुरेशी सरकली नाही, तर पुढचा काप आधीच्या भोकावर पडतो आणि चकती कोर घेऊनच निघते. मग कड उचलताना कोरीच्या जागी दाब बसत नाही, म्हणून समोरची कडही बसकी राहते. कोरीजवळची अक्षरं पसरट होत विरतात. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत असते आणि अक्षर मध्येच तुटतं. तुमच्या फोटोत समोरची कड स्पष्ट बसकी दिसते. जपून ठेवा, मला फार आवडलं हे नाणं.

प्रश्न : देवगडला एक रुपया मिळाला, दोन्ही बाजूंना सिंहच. ही लाखी, म्हणजे टाकसाळीत चुकून घडलेलं नाणं, का?

उत्तर : दुसरा सिंह बोटाला खोलगट लागतो का? आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा आत रुततो, आरशातल्यासारखा उलटा. ती लाखी. दोन्ही सिंह उठावाचे असतील, तर बहुधा जादूच्या प्रयोगांसाठी दोन नाणी कापून जोडलेली असतात. कडेच्या आतून नख फिरवा, सांधा लागेल. सोनाराच्या काट्यावरही घाला. 2011 च्या घडणीचा रुपया 3.79 ग्रॅम भरतो.

प्रश्न : सालाखाली तारा आहे. चूक?

उत्तर : नाही, ती टाकसाळीची खूण. तारा हैदराबादचा, पत्त्यांतल्यासारखी चौकट मुंबईची, ठिपका नोएडाचा. कोलकाता खूण मारत नाही.

प्रश्न : खाऱ्या हवेने नाणं काळवंडलंय. आमसुलाच्या पाण्यात टाकू?

उत्तर : कृपा करून नको. देवाची तांब्याची भांडी त्याने लखलखतात, पण आंबट पाणी नाण्याचा मूळ पृष्ठभाग खातं आणि चुकीची बारीक खूणही पुसट होते. साध्या पाण्यात बुडवा, मऊ फडक्याने टिपा, घासू नका.

प्रश्न : फोनवर एकजण पाच लाख देतो म्हणतोय, आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणे. रिझर्व्ह बँकेचं नावही सांगतो.

उत्तर : एक पैसाही भरू नका. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण पडत नाही आणि त्यासाठी कमिशनही मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय. पैसे गेले असतील तर आजच सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार करा.