फिल्म जास्त वाहक झाली म्हणजे सेन्सर चांगला झाला असं नाही

ताण मोजणाऱ्या सेन्सरसाठी पीडीएमएसमध्ये (एक सिलिकॉन रबर) ५ टक्के कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घातल्या, फिल्म मस्त वाहक झाली, पण ताणल्यावर रेझिस्टन्स फारसा हलत नाही आणि सोडल्यावर मूळ आकड्यावरही येत नाही, असं तुम्ही म्हणता.

आधी क्लिपा तपासा. फिल्म न ताणता नुसती मगरक्लिप हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर दोष फिल्मचा नाही, जोडणीचा आहे. वायर क्युअरिंगआधीच (रबर घट्ट होण्याआधी) आत बसवा आणि चार तारांनी मोजा, म्हणजे जोडणीचा रेझिस्टन्स आकड्यात मिसळत नाही. वरून सिल्व्हर पेस्ट लावलीच तर तो भाग ताणाबाहेर ठेवा, वाळलेली पेस्ट तडकते.

आता ते ५ टक्के. नॅनोट्यूब लांबट, त्यामुळे नीट पसरल्या तर बहुधा १ टक्क्याच्या आतच सलग जाळं जमतं. ज्या प्रमाणाला हे जाळं पहिल्यांदा जुळतं, तो पर्कोलेशन थ्रेशोल्ड. त्याच्या बऱ्याच वर गेलात की करंटला इतक्या वाटा मिळतात की चार तुटल्या तरी काही बिघडत नाही. थ्रेशोल्डच्या जरासं वर मात्र वाटा मोजक्याच, आणि कित्येक ठिकाणी ट्यूब एकमेकींना टेकलेल्याही नसतात. मधल्या एक-दोन नॅनोमीटरच्या फटीतून इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे ट्यूब टेकलेल्या नसतानाही फट ओलांडून, जातात. फट किंचित रुंदावली की रेझिस्टन्स घातांकी वाढतो. तुम्हाला हवी ती संवेदनशीलता इथे आहे. अगदी काठावरही जाऊ नका, तिथे एक फिल्म दुसरीसारखी येत नाही. ०.५ ते २ टक्क्यांची मालिका करा, रेझिस्टन्स लॉग स्केलवर मांडा आणि उतार जिथे सपाट व्हायला लागतो तिथलं प्रमाण उचला. कार्बन ब्लॅकचे (काजळीसारखी बारीक पूड) आकडे इथे लावू नका, त्याला बरंच जास्त लागतं. एवढं करून गेज फॅक्टर (रेझिस्टन्समधला सापेक्ष बदल भागिले ताण) २ च्या आसपासच राहिला, तर तेवढा साधा धातूचा स्ट्रेन गेजही देतो (अर्थात तो फार ताणता येत नाही).

आकडा परत न येण्यामागे रबराचा स्वभाव आहे. पहिल्या काही ताणांत पॉलिमर मऊ पडतो, जाळंही कायमचं सरकतं. म्हणून वापरात येईल त्याहून थोडा जास्त ताण वारंवार देऊन फिल्म आधी मुरवा, मगच कॅलिब्रेशन. तरी सोडताना रेझिस्टन्स उतरायचा सोडून क्षणभर वर गेलेला दिसेल. घाबरू नका, आकुंचन पावताना जुन्या जोडण्या तुटणं आणि नव्या जुळणं एकाच वेळी चालू असतं.

आणि सोनिकेशन (ध्वनिलहरींनी ट्यूब पसरवणं) वाढवून सगळं सुटेल असं समजू नका. जास्त वेळ चालवलंत तर ट्यूबच तुटून आखूड होतात, मग थ्रेशोल्ड उलट वर सरकतो.