हिरवळीवरची वाट: तार घालण्याआधी महिनाभर तिच्याकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागच्या पावसाळ्यात मुख्य इमारतीपुढे नवीन लॉन लावलं. बसथांब्याकडच्या गेटपासून ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत मुलांनी त्यातून तिरपी वाट पाडली. आता समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत, काटेरी तार किंवा ड्युरांटाच्या झुडपांचं कुंपण, आणि यातलं काय निवडावं असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. निदान यंदा तरी नको. मी एका विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात २६ वर्षं काढली. तारही लावून पाहिली, कुंपणही लावून पाहिलं. तारेचं काय झालं ते सांगतो. आम्ही वाटेच्या बरोबर मध्यावर दोन खांब ठोकून तीन पदरी तार ओढली. आठवड्याभरात तारेच्या दोन्ही टोकांना वळसा घालून दोन नव्या वाटा तयार झाल्या. म्हणजे आधी एक पट्टा उघडा पडला होता, आता तीन पडले. पुढच्याच महिन्यात संध्याकाळच्या अंधारात कार्यालयातल्या एका वयस्कर शिपायाच्या नडगीत तार घुसली आणि टाके पडले. त्या दिवशी मी स्वतः उभा राहून ती तार काढून घेतली. तेव्हापासून वाट दिसली की आधी तिच्याकडे बघायचं, ही सवय लागली.

मुलं बेशिस्त आहेत, असं समितीत कोणीतरी म्हणणारच. त्यांना एक साधा हिशेब दाखवा. समजा, गेटपासून फुटपाथने सरळ ३० मीटर जायचं आणि काटकोनात वळून आणखी ४० मीटर. एकूण ७०. तिरपं गेलं तर बरोबर ५० मीटर. वेळ वाचतो पंधरा-सोळा सेकंद, म्हणजे फार नाही. पण फुटपाथचा रस्ता तिरप्या वाटेपेक्षा ४० टक्के लांब पडतो आणि समोर ग्रंथालय दिसत असताना पाय त्याच्याकडे पाठ फिरवायला तयार होत नाहीत. जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठात डिर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांच्या परिसरातल्या हिरवळीवर आपोआप पडलेल्या वाटाच त्यांनी समोर ठेवल्या आणि १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात त्यावरचं गणिती प्रारूप छापलं. मांडणी अशी: प्रत्येक पाऊल गवत थोडं दाबतं, दबलेल्या जागेवरून चालणं सोपं म्हणून पुढचा माणूसही तिथूनच जातो, आणि दुसरीकडे गवत परत उगवत असतं. या ओढाताणीतून वाट पक्की होते किंवा बुजते. साधारण पाव हिस्सा जास्त चालणं माणसं खपवून घेतात, त्यापलीकडे गेलं की आडवी वाट पडते.

आता तुमच्या काटकोनी फुटपाथला हे लावून बघा. समान बाजूंचा काटकोन म्हणजे सुमारे ४१ टक्के वळसा. तो मोडणारच. पण त्याच दोन टोकांमध्ये पाव वर्तुळाची कमान काढली, तर सरळ रेषेपेक्षा वळसा फक्त ११ टक्के होतो. म्हणून जुन्या बागांमधल्या वळणदार वाटा लोक मुकाट्याने चालतात आणि कागदावर फुटपट्टीने आखलेले काटकोन पहिल्याच वर्षी मोडतात. नवीन आराखडा करताना एवढं एक जरी लक्षात ठेवलं, तरी पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे. तीन ठिकाणं जोडायची असतील, तर पावलं तीन स्वतंत्र सरळ वाटा पाडत नाहीत. थोडं थोडं वाकून त्या मध्येच एकमेकींना मिळतात आणि मधे गवताचा छोटा त्रिकोण उरतो. तेव्हा गेट, ग्रंथालय आणि कँटीन यांच्यात सगळ्या सरळ रेषा आखून फरशी घालत बसू नका, लॉनचे तुकडे तुकडे होतील. जिथे वाटा मिळतात तो सांधा शोधा आणि तिथे जागा थोडी ऐसपैस ठेवा, कारण मुलं नेमकी तिथेच थांबून बोलतात.

“एक वर्ष फरशीच घालू नका, लोक कुठून चालतात ते बघा आणि मग घाला” ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. ती जगातल्या कितीतरी विद्यापीठांच्या नावावर सांगितली जाते, फक्त कुलगुरूचं नाव बदलतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचं ‘ओव्हल’ नावाचं मोठं मैदान यासाठी खरंच बघण्यासारखं आहे. वरून काढलेल्या फोटोत त्यावर तिरप्या वाटांचं जाळं दिसतं. त्या वाटा आधी पावलांनी पडल्या, फरसबंदी नंतर झाली. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळा परिसर चिखलात ठेवून वाट बघणं शक्य नाही आणि योग्यही नाही. मुख्य रस्ते आणि इमारतींच्या दारापर्यंतचे फुटपाथ पहिल्या दिवसापासून हवेतच. मधल्या मोकळ्या जागा मात्र एक-दोन वर्षं मोकळ्या सोडा, तिथे लगेच मेंदी, कारंजं आणि पुतळ्याचा चौथरा नको.

याहून पुढे गेलेलं उदाहरण शिकागोचं आहे आणि मला ते फार आवडतं. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा परिसर वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांनी आखला, २४ फुटांच्या चौकटीवर, सगळं काटकोनात. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला वसतिगृहं, आणि मधे खांबांवरून जाणारी लोकल रेल्वे. तिच्याखालच्या मोकळ्या जागेतून मुलं वर्षानुवर्षं तिरपी जात-येत होती. नेमक्या त्याच जागेवर विद्यार्थी केंद्र बांधायचं ठरलं. वास्तुकार रेम कूलहास यांच्या कार्यालयाने मुलांच्या चालण्याच्या रेषा नकाशावर उतरवल्या आणि इमारतीच्या आतले मार्ग त्याच रेषांवर ठेवले. २००३ मध्ये उघडलेल्या त्या एकमजली इमारतीत म्हणूनच तिरपे रस्ते आहेत आणि त्यांच्यामध्ये उरलेल्या तुकड्यांत खाण्याची जागा, दुकान, सभागृह असं सगळं बसवलं आहे. वरच्या रेल्वेचा आवाज दाबायला रुळांभोवती ५३० फूट लांबीची स्टीलची नळी घातली आहे, लोक त्या नळीचंच कौतुक जास्त करतात. मला मोलाचं वाटतं ते हे, की वाटेवर इमारत आली तरी वाट बंद झाली नाही.

पण परदेशातलं सगळं जसंच्या तसं उचलू नका, कारण आपल्याकडे ऊन हा मोठा हिशेब आहे. आमच्या परिसरात परीक्षा भवनाकडे दोन वाटा होत्या. एक नाकासमोर सरळ, दुसरी चांगली वीस-बावीस पावलं लांबची, पण दोन मोठ्या वर्षावृक्षांखालून जाणारी. पावसाळ्यानंतर सरळ वाट ठळक व्हायची. मार्च उजाडला की तीच बुजायला लागायची आणि झाडांखालची जमीन गुळगुळीत व्हायची. नकाशावर जवळची असलेली वाट एप्रिलच्या दुपारी पायांना लांबची वाटते. वास्तुकार अच्युत कानविंदे हे मूळचे आचऱ्याचे, आपल्या सिंधुदुर्गातले. त्यांनी आयआयटी कानपूर आखताना गाड्या बाहेरच्या बाजूला ठेवल्या आणि वर्ग, ग्रंथालय, प्राध्यापकांच्या खोल्या या सगळ्यांना छताखालच्या, काही ठिकाणी वरच्या मजल्यावरून जाणाऱ्या मार्गांनी जोडलं. उत्तरेकडच्या उन्हात चालणाऱ्या माणसाचा विचार त्यात आहे. तेव्हा तुमच्या वाटेवर फरशी घालायची ठरली, तर तिच्या पश्चिमेच्या अंगाला झाडांची रांगही त्याच प्रस्तावात लिहा. नंतर वेगळा प्रस्ताव करू म्हटलं की झाडं राहूनच जातात.

आता बघायचं कसं. परदेशात बर्फ पडला की पावलांच्या रेषा दिसतात. आपल्याकडे तेच काम भाद्रपद-आश्विनात होतं. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं असतं आणि प्रत्येक वाट भांगासारखी उठून दिसते. मे महिन्यात सगळंच पिवळं असतं, तेव्हा काढलेला नकाशा फसवतो. सप्टेंबरच्या शेवटी एखाद्या गच्चीवर जा आणि फोटो काढा. मग खाली येऊन टेपने रुंदी मोजा. एक-दीड फुटाची वाट एकेकट्या माणसाची असते. चार-पाच फुटांची असेल तर लोक जोडीने बोलत जातात, आणि तिथे तीन फुटांची फरशी घालणं म्हणजे दोन्ही कडांना पुन्हा माती उघडी पाडणं. मात्र मधे चिखल आणि दोन्ही बाजूंना ताजे ठसे असतील, तर ती रुंदी खोटी आहे. पावसात लोक डबकं टाळायला कडेने चालतात आणि वाट पसरत जाते.

सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी साडेपाचला अर्धा-अर्धा तास नुसतं उभं राहा. माळीकाम करणाऱ्या मावशींना विचारा. आमच्याकडच्या मावशींनी मला एकदा हाताला धरून नेलं आणि वाटेतला एक बाक दाखवला. वाट त्याच्यापाशी विनाकारण वाकलेली होती. त्यामागचं कारण बाक उचलल्यावर कळलं. पूर्वी तिथे गळका नळ होता, ओल असायची. नळ बंद होऊन दोन वर्षं झाली होती, पाय अजून वळत होते.

आणि ही गोष्ट कृपा करून समितीत ठासून मांडा: ज्यांना मातीतून चालताच येत नाही, त्यांच्या वाटा जमिनीवर उमटत नाहीत. व्हीलचेअरवरचा विद्यार्थी, काठी घेऊन चालणारे निवृत्त प्राध्यापक, पावसात साडी सावरत जाणाऱ्या कर्मचारी बायका हे सगळे मुकाट्याने लांबच्या रस्त्याने जातात. दिवसा ठळक असलेली वाट अंधार पडल्यावर मुली टाळतात, कारण तिथे दिवा नाही. नुसत्या पावलांच्या खुणा मोजल्या, तर तरण्याताठ्या मुलांचीच मोजणी होते. म्हणून वाट पक्की कराल तेव्हा ती सगळ्यांची होईल अशी करा. दोन्ही टोकांना पायरी किंवा उंच कर्ब नको, उतार १:१२ पेक्षा (म्हणजे १२ मीटरला १ मीटर चढ) तीव्र नको, आणि दिवे पहिल्याच टप्प्यात. रुंदी निदान १.८ मीटर ठेवा. फुटपाथसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही किमान एवढीच मोकळी रुंदी सांगितली आहे.

कामाच्या बाबतीत घाई करू नका. पहिल्या वर्षी नुसता मुरूम टाकून पाणी मारा आणि रोलर फिरवा, वर कच (दगडाचा बारीक चुरा) पसरा. एक पावसाळा जाऊ द्या. वाट थोडी सरकायची असेल तर याच काळात सरकते आणि मुरूम हलवायला खर्च लागत नाही. नंतर पेव्हर ब्लॉक, चालण्यापुरते ६० मिमी जाडीचे. जमीन काळी असेल तर वरची माती काढून मुरमाची भर नीट घालून घ्या. नाहीतर पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत ब्लॉक दात काढल्यासारखे वरखाली होतात. मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ अजिबात खोदू नका. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. तिथे मुरूमच ठेवा. उरलेल्या लॉनच्या कडेला हरळी लावा, ती तुडवणं सोसते आणि परत उठते. मऊ गालिच्यासारखं मेक्सिकन लॉन रहदारीजवळ टिकत नाही.

प्रत्येक वाट मान्य करायची असंही मी म्हणत नाही. उतारावरची सरळ वाट पावसाळ्यात ओहोळ होते आणि माती घेऊन जाते. रस्त्याच्या आंधळ्या वळणावर निघणारी वाट किंवा ट्रान्सफॉर्मरच्या मागून जाणारी वाट बंदच केली पाहिजे. पण ती मधे अडवू नका. माणूस जिथे उभा राहून “आता कुठून?” हे ठरवतो, तिथेच त्याला दुसरी, जवळपास तेवढीच सोयीची वाट दिसली पाहिजे. पुष्कळदा गेट दहा मीटर सरकवलं की सगळं सुटतं.

तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की मागच्या बाजूने गावातले लोकही परिसरातून येतात. तो विषय पूर्ण वेगळा आहे, त्याला लॉनच्या विषयात मिसळू नका. बऱ्याच संस्थांच्या जमिनी गावांच्या शिवारातून आलेल्या आहेत आणि जुनी पाणंद कंपाउंडच्या आत अडकलेली असते. तिथे वहिवाटीचा प्रश्न येतो. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्या-येण्यासारख्या हक्कांचा भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे. त्यात सलग २० वर्षांच्या उघड वापराला महत्त्व आहे, सरकारी जमिनीसाठी ३० वर्षं. रस्ता अडवल्याची तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांपुढे जाते. भिंत घालण्याआधी जुना गाव नकाशा काढा आणि गावातल्या दोन जाणत्या माणसांशी बसून बोला. भिंतीला पडलेलं भगदाड दरवर्षी बुजवण्यापेक्षा तिथे छोटं फिरतं दार ठेवणं बरं, एवढं अनुभवाने सांगतो.

आता तुमच्याकडून दोन मापं हवीत. गेटपासून पायऱ्यांपर्यंत फुटपाथने किती मीटर आणि तिरपं किती, ते टेपने मोजून इथे लिहा. वाटेच्या मधल्या भागाची रुंदी आणि शेजारी झाड असेल तर खोडाचा घेरही लिहा. फोटो गच्चीवरून काढलेला असेल तर सांधा कुठे ठेवायचा ते त्यावर खूण करून सांगतो.