पत्रिकेत चोपण नाही, सर्वेक्षणात 'सोडिक': खारपाणपट्ट्यातील काळ्या जमिनीचा वर्ग कसा वाचावा

प्रश्न १ (दर्यापूर तालुका, जि. अमरावती): गावाच्या मृदा सर्वेक्षणात माझ्या वावराची नोंद 'अतिशय खोल, चिकण, सोडिक हॅप्लस्टर्ट्स' अशी आहे. जमीन आरोग्य पत्रिकेत मात्र सामू (पीएच) ८.२ आणि क्षारता ०.३ आहे, चोपण (सोडियममुळे बिघडलेली) असल्याचा कुठेच उल्लेख नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहते, वाफसा लवकर येत नाही, हरभरा ठिकठिकाणी वाळतो. खरे कोणते धरायचे?

उत्तर: दोन्ही खरे आहेत, कारण दोघांनी वेगवेगळी माती तपासली आहे. आरोग्य पत्रिकेचा नमुना वरच्या वीतभर थराचा, म्हणजे साधारण ० ते १५ सें.मी.चा असतो. तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये असे १२ घटक असतात. जमिनीची खोली, चिकणमातीचे प्रमाण आणि मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम त्यात नसते. खताची मात्रा ठरवायला ती पत्रिका उपयोगी आहे. जमिनीचा वर्ग मात्र दीड मीटरच्या खड्ड्यातील उभा छेद पाहून, प्रत्येक थराची वेगळी तपासणी करून ठरतो. पाणी का मुरत नाही याचे उत्तर त्या छेदातच मिळते.

आधी नावाचा अर्थ लावू. हे नाव उजवीकडून डावीकडे वाचावे. शेवटचे 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, अर्थात भेगाळणारी काळी जमीन. 'अस्ट' म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडी, पण पिकाच्या हंगामात ओल मिळणारी. 'हॅपल' म्हणजे साधी, ज्यात चुनखडीचा, जिप्समचा किंवा क्षारांचा वेगळा ठळक थर ठरलेल्या मर्यादेपर्यंत नाही. 'सोडिक' हा सगळ्यात पुढचा शब्द तुमच्या तक्रारीचे मूळ सांगतो.

काळी दिसली म्हणून कोणतीही जमीन व्हर्टिसॉल होत नाही. त्यासाठी तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली, १८ ते ५० सें.मी. दरम्यानच्या प्रत्येक थरात चिकणमाती किमान ३० टक्के हवी. दुसरी, भेगा वेळोवेळी पडल्या आणि मिटल्या पाहिजेत. तिसरी अट सर्वात महत्त्वाची: १ मीटरच्या आत किमान २५ सें.मी. जाडीचा असा थर हवा, ज्यात ढेकळांच्या बाजू एकमेकींवर घासून गुळगुळीत आणि चकचकीत झालेल्या असतात, किंवा ढेकळे पाचरीसारखी तिरपी असतात. माती फुगते तेव्हा तिला पसरायला जागा नसते, म्हणून खालचे थर तिरपे सरकतात आणि या खुणा उमटतात. अहवालात या थरापुढे 'बीएसएस' लिहिलेले असते. 'के' जोडले असेल तर चुन्याचा साठा आणि 'एन' असेल तर सोडियमचा साठा असे समजावे. भेगांची रुंदी ५ मिलिमीटर किंवा अधिक असून त्या वर्षात एकूण ९० दिवस किंवा जास्त उघड्या राहत असतील, तर 'अस्ट' हा भाग लागतो. आपल्याकडे फेब्रुवारीपासून मृगापर्यंतच्या भेगाच ती अट पुरी करतात.

आता सोडिक. १ मीटरच्या आतील कोणत्याही एका थरात विनिमयक्षम (कणांना चिकटलेल्या) सोडियमचे शेकडा प्रमाण, ज्याला प्रयोगशाळा ईएसपी म्हणतात, १५ किंवा जास्त असेल आणि वर्षातले सहा महिने किंवा अधिक तसे राहत असेल, तर 'सोडिक' शब्द लागतो. वरचा थर कितीही चांगला असला तरी! पुढील आकडे समजावून सांगण्यासाठी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमच्या अहवालातले आकडे घाला. विनिमय क्षमता म्हणजे मातीचे कण एकूण किती धन आयन धरू शकतात ते; ती आणि सोडियम, दोन्ही दर १०० ग्रॅम मातीला मिलिइक्विव्हॅलंट या एककात आहेत.

० ते १८ सें.मी.: चिकणमाती ५६ टक्के, सामू ८.२, विनिमय क्षमता ५०, सोडियम २.०
१८ ते ४५ सें.मी.: चिकणमाती ५८ टक्के, सामू ८.५, विनिमय क्षमता ५१, सोडियम ३.६
४५ ते ७५ सें.मी.: चिकणमाती ६० टक्के, सामू ८.७, विनिमय क्षमता ५२, सोडियम ६.२
७५ ते १०५ सें.मी.: चिकणमाती ६१ टक्के, सामू ८.८, विनिमय क्षमता ५२, सोडियम ९.४

सोडियमला विनिमय क्षमतेने भागून १०० ने गुणा. वरून खाली ४, ७, १२ आणि १८ असे आकडे येतात. पत्रिकेला फक्त पहिली ओळ दिसली. चौथा थर ७५ सें.मी.वर सुरू होतो, म्हणजे मीटरच्या आत आहे, आणि तिथे १५ ची मर्यादा ओलांडली गेली. म्हणून जमीन सोडिक ठरली.

पण १५ च्या आकड्यावर विसंबून राहू नका. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्याच्या, म्हणजे आपल्या खारपाणपट्ट्याच्या, मातीवर काम केले आहे. त्यातून दिसले, की आपल्या काळ्या मातीत ईएसपी ५ च्या आसपास गेला तरी पाणी खाली उतरण्याचा वेग घसरू लागतो. म्हणून त्यांनी संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेल्या) मातीतले जलवहन ताशी १० मिलिमीटरपेक्षा कमी असणे ही जास्त भरवशाची खूण मानली. वरच्या उदाहरणात दुसऱ्याच थरापासून अडचण सुरू झालेली आहे. नांगराच्या तळाखाली पाणी अडते ते इथे. 'सोडिक' शब्द नसलेल्या, 'टिपिक हॅप्लस्टर्ट्स' लिहिलेल्या शेजाऱ्यानेही खालच्या थरांचे आकडे जरूर पाहावेत.

असे का होते? पूर्णेचे खोरे सपाट आहे, माती बेसॉल्टच्या गाळाची आहे आणि पाऊस मध्यम आहे. मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसत जाते. द्रावणात कॅल्शियम कमी झाले, की त्याची जागा सोडियम घेते. सोडियम चिकटलेले चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ते पाण्यात सुटे होतात आणि मातीतली बारीक छिद्रे बुजवतात. त्यात बोअरचे खारे पाणी दिले, तर खालचा त्रास वर येतो. या पट्ट्यात पावसाचे साठवलेले पाणीच ओलितासाठी धरावे. तळातली माती पाणी झिरपू देत नाही, हा दोष शेततळ्याच्या मात्र कामी येतो.

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. प्रत्येक थरातला बोराएवढा कोरडा खडा काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात हलकेच ठेवा, ढवळू नका. दुसऱ्या दिवशी खडा फुटून पडला असेल पण पाणी नितळ असेल, तर ती माती साधी काळी. खड्याभोवती दुधासारखे गढूळ वलय राहिले असेल, तर सोडियमची शंका घ्यावी. बोअरचे पाणी वापरू नका. त्यातील क्षार कणांना जुळवून ठेवतात आणि चोपण मातीही चांगली भासते.

यावर उपाय जिप्समचा, कारण त्यातले कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेते. ते किती टाकायचे, याचा हिशेब थरावरून होतो. दुसऱ्या थराचा ईएसपी ७ वरून ५ वर आणायचा, तर सोडियम ३.६ वरून सुमारे २.५५ वर यायला हवे, म्हणजे १.०५ काढायचे. दर एककाला किलोभर मातीमागे ०.८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. २७ सें.मी. थराचे वजन, घनता १.५ धरून, हेक्टरी सुमारे ४० लाख ५० हजार किलो भरते. गुणाकार केल्यास हेक्टरी साधारण ३.७ टन येतात. पोत्यातले जिप्सम ८० टक्के शुद्ध असेल तर ४.६ टन, म्हणजे एकरी साडेअठरा क्विंटलच्या आसपास. हे दोन हंगामांत विभागून टाकावे. मे अखेरीस पसरून वखराने वरच्या १० ते १५ सें.मी.त मिसळावे, म्हणजे पहिल्या पावसाने ते विरघळून खाली जाईल. शेणखत भरपूर घालावे. हिरवळीच्या खताचा धैंचा फुलोऱ्याआधी गाडला तर त्याच्या कुजण्यातून निघणारा कर्बवायू मातीतल्याच चुनखडीला विरघळवतो आणि कॅल्शियम फुकटात मिळते.

एक गोष्ट चुकली तर हा सारा खर्च वाया जातो: पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. जिप्समने सुटलेले सोडियम पाण्याबरोबर निघून गेले नाही, तर ते तिथेच राहते. उताराच्या बाजूला नाली काढा आणि ती गावनाल्याला जोडा. पेरणी रुंद वरंबा सरीवर करा. ७५ सें.मी. खालचा थर वरून टाकलेल्या जिप्समने लवकर सुधारत नाही, म्हणून त्या खर्चाच्या मागे लागू नये.

प्रयोगशाळेच्या अहवालात दोन जागी फसगत होते. चुनखडीच्या मातीत विनिमय क्षमता सर्व धन आयनांच्या बेरजेने काढली, तर अर्काच्या द्रावणात चुनाही विरघळतो. त्यामुळे कॅल्शियम फुगते आणि ईएसपी खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. क्षमता स्वतंत्रपणे मोजली आहे का, विद्राव्य सोडियम वजा केले आहे का, हे विचारून घ्या. दुसरे क्षारतेचे. पत्रिकेतली क्षारता एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या द्रावणातली असते. पुस्तकातली ४ डेसिसायमन प्रति मीटरची मर्यादा संपृक्त मातीच्या अर्कासाठी आहे. पातळ द्रावणातला आकडा नेहमी कमीच येतो, म्हणून तो थेट त्या मर्यादेशी लावून पाहू नये.

प्रश्न २ (वरुड तालुका): संत्रा लावायचा आहे. माझी जमीन 'व्हर्टिक हॅप्लस्टेप्ट्स' आणि बांधापलीकडची 'टिपिक हॅप्लस्टर्ट्स' लिहिली आहे. दिसायला दोन्ही काळ्याच. माझी कमी दर्जाची का?

उत्तर: वर्ग वेगळा आहे, दर्जा कमी नाही. तुमच्या जमिनीत भेगा पडतात, पण चकचकीत बाजूंचा २५ सें.मी. जाड थर सापडलेला नाही किंवा एखादी दुसरी अट अपुरी राहिली आहे. म्हणून ती व्हर्टिसॉलऐवजी इन्सेप्टिसॉलमध्ये, म्हणजे थर अजून पुरते न घडलेल्या जमिनींच्या वर्गात गेली. 'व्हर्टिक' शब्द तिचे काळ्या जमिनीशी नाते सांगतो. अशा जमिनीखाली बहुधा कुजका मुरूम असतो. मीटरभर माती असून खाली असा मुरूम असेल, तर निचऱ्यामुळे संत्र्याला ती शेजारच्या भारी जमिनीपेक्षा बरी पडते. भारी जमिनीच्या सरकत्या थरात तंतुमुळे तुटतात आणि पावसाळ्यात मुळांना हवा मिळत नाही. मात्र चुनखडी प्रत्येक थरात तपासा. ती १० टक्क्यांच्या वर असेल तर लोह मिळत नाही, नवती पिवळी पडते, आणि दरवर्षी फवारण्या करूनही झाड सावरत नाही. खड्ड्याच्या भिंतीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडा. जिथून जोरात फसफसते, तिथून चुन्याचा थर सुरू होतो. अहवालात 'लिथिक' शब्द असेल तर ५० सें.मी.च्या आत कठीण खडक आहे. तिथे संत्र्याचा विचारच करू नये.

प्रश्न ३ (अकोट तालुका): जिल्ह्याच्या मृदा नकाशावर माझा गट पूर्ण खोल काळीत दिसतो, पण अर्धे वावर मुरमाड आहे. नकाशा चुकीचा का?

उत्तर: नकाशाचे प्रमाण पाहा. समजा, तो १:२,५०,००० प्रमाणावर आहे. त्यावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ६२५ हेक्टर. एवढ्या पट्ट्यात दोन-तीन प्रकारच्या जमिनी एकत्र दाखवतात, आणि रंग त्यातल्या मुख्य प्रकाराचा असतो. १:१०,००० प्रमाणावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर. गटाचा निर्णय घ्यायला तोच नकाशा हवा. तोही नसेल तर स्वतः छेद पाहावा.

खड्डा बांध, विहीर, उकिरडा आणि गाडवाट यांपासून दूर, वावराच्या सरासरी जागी घ्यावा. मुरमाड आणि काळ्या भागात वेगवेगळा घ्यावा. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दीड मीटर किंवा मुरूम लागेपर्यंत खोल असावा. एक भिंत उन्हाकडे ठेवा आणि ती फावड्याने न घासता चाकूच्या टोकाने उकरा, नाहीतर फावड्याचीच चकाकी मातीची समजली जाते. भेगांची मापे पावसाआधी घ्या. गुळगुळीत बाजू मात्र माती थोडी ओलसर असताना चांगल्या दिसतात. नमुने खालच्या थरापासून वर घेत या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. प्रत्येक थराचा सुमारे एक किलो नमुना सावलीत वाळवून पिशवीत भरा आणि चिठ्ठीवर गट क्रमांक व 'किती ते किती सें.मी.' लिहा. तपासणी मागताना कणांचे यांत्रिक पृथक्करण, चुनखडी, विनिमय क्षमता आणि विनिमयक्षम सोडियम व मॅग्नेशियम असे स्पष्ट लिहून द्या. नुसते 'माती परीक्षण' लिहिले तर नेहमीची खतांची तपासणी होऊन येते.