टार्गेट होत नाही, म्हणजे मी आळशी झालोय का?

"मॅडम, हातच चालंना झालाय. सुपरवायझर म्हणतात, कामचोर झालास. मला बी आता तसंच वाटायलंय."

वाळूजच्या एका कारखान्यात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन चालवणाऱ्या प्रकाश यांचे (नाव बदललं आहे) हे शब्द. एमआयडीसीतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी जणांची तक्रार हीच असते. अशा वेळी आळसाकडे मी जातच नाही. झोप किती होते आणि देणं किती आहे, हे आधी विचारते.

प्रकाश गेवराई तालुक्यातले. वाळूजजवळच्या रांजणगावात पत्र्याच्या खोलीत तिघं मिळून राहतात. रात्रपाळी करून सकाळी खोलीवर यायचं, पण एप्रिल-मेच्या उन्हात अकरालाच पत्रा तापतो. मग झोप कसली? त्यांना मी रिजेक्ट झालेले जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले सुटे भाग, तारखेनिशी लिहून आणायला सांगितले.

पुढच्या भेटीत त्यांनी खिशातली डायरी उघडली. रिजेक्शन रोज सारखं नव्हतंच. रात्रपाळीच्या आठवड्यात ते वाढलेलं होतं, आणि 1 ते 7 तारखेच्या दरम्यान तर दिवसपाळीतही. पगार 7 तारखेला. बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता 3 तारखेला, आणि वसुलीचे फोन 1 तारखेपासून. "जॉब लावताना डोक्यात तेच फिरतंय. गेज (माप तपासायचं साधन) लावायचंच राहून जातं," ते म्हणाले. पुढची पानं उलटताना त्यांचा आवाज उतरलेला नव्हता. आपल्यात खोट नाही, हे त्यांना त्यांच्याच अक्षरात दिसत होतं.

ओडिशात पत्रावळी लावणाऱ्या मजुरांवर अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. कमावलेल्या मजुरीतली काही रक्कम काहींना लवकर दिली, काहींना शेवटी. दर तोच, काम तेच. पैसे हातात पडलेल्यांचा वेग वाढला, चुका कमी झाल्या, आणि हा फरक जास्त गरीब मजुरांत अधिक दिसला. प्रकाश यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ डायरीकडे बघत राहिले.

हप्त्याची तारीख बदलून मागणारा अर्ज आम्ही तिथेच बसून लिहिला. दोन-तीन खेटे घातल्यावर 10 तारीख मिळाली. डायरी त्यांनी सुपरवायझरनाही दाखवली. पहिल्या आठवड्यातलं रिजेक्शन उतरलं. रात्रपाळीतलं मात्र फारसं हललं नाही. त्या आठवड्यांत ते आता बजाजनगरला मावसभावाच्या स्लॅबच्या घरी झोपायला जातात, तेवढाच आधार.

तापलेल्या पत्र्यावर समुपदेशनाचा इलाज चालत नाही. भारतातल्या कारखान्यांच्या अभ्यासातही उष्णतेने उत्पादन घटतं आणि गैरहजेरी वाढते, असं दिसलं आहे. मालकांना मी कळकळीने सांगते: प्रोत्साहन भत्त्याचे फलक लावण्याआधी पगार तारखेला द्या, अडीनडीला उचल द्या, शेडमध्ये हवा खेळती ठेवा.

तुमचंही असंच होत असेल तर महिनाभर चुकांच्या तारखा लिहा. शेजारी झोपेचे तास आणि हप्त्याचे दिवस मांडा. झोप पुरेशी होऊनही थकवा राहत असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बायकांनी तर आवर्जून. आणि कर्जापायी जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला, तर पाळी सुटायची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.