लोकांची लाडकी लुदमिला

प्रश्न : माझी भाची प्रागला शिकते. तिच्या घरमालकीणबाईंचं नाव लुडमिला. पुढच्या महिन्यात त्यांचा 'नावाचा दिवस' आहे म्हणे. नावाचा अर्थ काय? 'मिला'चा आपल्या 'मिळणे'शी संबंध आहे का?
– एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, 'मिळणे'शी संबंध नाही. नाव जुनं स्लाव आहे : 'लुद' म्हणजे लोक, 'मिल' म्हणजे प्रिय. उच्चार लुदमिला, 'दगडा'तला द, आणि जोर पहिल्या अक्षरावर.

चेक घरांत हे नाव रुजलं ते संत लुदमिलेमुळे. ती बोहेमियाचा (म्हणजे चेक प्रदेशाचा) ड्यूक बोर्झिवोय याची पत्नी आणि चेकांचा लाडका संत वाट्स्लाव याची आजी. नातवाला तिनेच वाढवलं. त्याच्यावर वचक कुणाचा, यावरून सून द्राहोमिराशी वितुष्ट आलं आणि ९२१ साली तेतीनच्या गढीत मारेकऱ्यांनी तिचा गळा आवळला. परंपरा सांगते, तिच्याच ओढणीने. मला या आजीबद्दल फार माया वाटते. तिचं दफनस्थान प्रागच्या किल्ल्यातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये आहे. भाचीला तिथे जाऊन यायला जरूर सांगा.

चेक कॅलेंडरात बहुतेक तारखांना नावं नेमलेली असतात; आपलं नाव ज्या तारखेला, तो आपला 'नावाचा दिवस'. लुदमिलेची १६ सप्टेंबर. आपण 'सीता'ला 'सीते' अशी हाक मारतो, तसं तिथे 'लुदमिलो' होतं. 'पानी लुदमिलो' म्हणजे लुदमिलाबाई. जवळची माणसं लीदा म्हणतात, पण भाचीने आपणहून म्हणू नये. फुलं न्यावीत, मात्र विषम संख्येत. सम संख्येची तिथे अंत्यविधीला नेतात.