गाडीचं विचारलंत भाऊ, पण आधी त्या पॉलिसीचं बोलू

जळगावहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 37, एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात हिशेब बघतात. हातात पगार 48 हजार, पत्नी घरी शिकवण्या घेतात त्याचे दहा. मुलं दोन, नऊ आणि चार वर्षांची. सोबत आई, गुडघ्यांनी बेजार. प्रश्न असा: "ताई, येत्या पाडव्याला गाडी घ्यायची आहे. मारुतीची वॅगन आर सीएनजी घेऊ की थोडे जास्त घालून टाटाची पंच? पंच साडेआठ लाखांपर्यंत जाते. डाउन पेमेंटची चिंता नाही. बँकेतल्या साहेबांनी दोन वर्षांपूर्वी, दुप्पट होतील म्हणत, गॅरंटीड योजनेत पैसे टाकून दिले होते. वर्षाला 1 लाख 20 हजार, दोन हप्ते झाले. मार्चमध्ये काढले की तीनेक लाख येतील. वर टॅक्सही वाचतो. बाकीचं सात वर्षांचं कर्ज काढू. गावाकडे केळी आहे, त्यातूनही मधेमधे भरता येईल."

सोबत पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांचे फोटो आहेत. बरं झालं पाठवलेत.

भाऊ, मार्चमध्ये तुम्हाला तीन लाख मिळणार नाहीत. अडीचही नाहीत. ही एफडी नाही, आयुर्विमा पॉलिसी आहे. दुसऱ्या पानावर तक्ता आहे, त्यात "प्रीमियम भरण्याची मुदत" पुढे 10 लिहिलंय आणि "पॉलिसीची मुदत" पुढे 20. म्हणजे दहा वर्षं दरसाल 1.20 लाख भरायचे, एकूण 12 लाख, आणि विसाव्या वर्षी 24 लाख घ्यायचे. साहेबांचं "दुप्पट" ते हेच. कधी दुप्पट, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. पडताळणीचा फोन आला असेल, तेव्हा "हो म्हणा, फॉर्मॅलिटी आहे" असंही कुणीतरी बाजूला उभं राहून सांगितलं असेल. दर महिन्याला अशी एक तरी पॉलिसी माझ्या टेबलावर येते. गोष्ट तीच असते, फक्त बँकेचं कॅलेंडर बदलतं.

दोनच हप्ते भरून आज मोडायला गेलात, तर तुमच्या 2024 च्या मार्चमधल्या पॉलिसीला जुना नियम लागतो: भरलेल्या रकमेच्या साधारण 30 टक्के परत मिळण्याची हमी. 2.40 लाखांचे 70-72 हजार. डाउन पेमेंट म्हणून तीन लाख धरलेत, त्यातले सव्वादोन लाख कागदावरच होते.

आता ती 24 लाखांची गॅरंटी बघू. बारा लाख एकदम भरायचे नाहीत, दहा वर्षांत थोडे थोडे भरायचे, म्हणजे सरासरी रुपया साडेपंधरा वर्षं तिथे राहतो आणि दुप्पट होतो. पैसे दुप्पट व्हायला किती टक्के व्याज पडलं ते ढोबळ काढायला 72 ला वर्षांनी, म्हणजे साडेपंधराने भागा. साडेचार टक्क्यांच्या आसपास. पोस्टातला पीपीएफ 2020 पासून 7.1 टक्के देतोय. तोही सरकारी हमीचा, आणि त्यासाठी कुणा साहेबाला घरी चहाला बोलवावं लागत नाही.

आणि टॅक्स? भाऊ, तुमचा वर्षाचा पगार पावणेसहा लाख. नव्या करपद्धतीत 2023-24 पासूनच सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होता, आता ती मर्यादा बारा लाखांवर गेलीय. वाचवायला टॅक्स होताच कुठे?

मग मोडायची का? इथे घाई नको. कंपनीला ईमेल करा आणि दोन आकडे लेखी मागवा: आजचं सरेंडर मूल्य, म्हणजे आज मोडली तर हाती येणारी रक्कम, आणि हप्ते थांबवले तर विसाव्या वर्षी मिळणारी पेड-अप रक्कम. बँकेकडून नाही, कंपनीकडून. बँकेतून "सिस्टीम डाउन आहे" असंच ऐकायला मिळेल. हे आकडे आले की गणित सोपं आहे. आजचे 72 हजार पीपीएफच्या दराने 18 वर्षं ठेवले तर अडीच लाखांच्या जवळ जातात. पेड-अप रक्कम त्याहून बरीच जास्त असेल, तर पॉलिसी तशीच निपचित पडू द्या, फक्त पुढचा एक रुपया भरू नका. अडीचच्या आसपास किंवा कमी असेल, तर मोडा आणि मोकळे व्हा. बरेच जण रागाच्या भरात मोडतात आणि दुसरा आकडा बघतच नाहीत. कधी कधी तोच बरा निघतो.

"पण दोन लाख चाळीस गेले ना ताई, अजून भरले तर निदान वाया तरी जाणार नाहीत" असं तुम्ही म्हणणार, म्हणून तेही मोजून ठेवलंय. उरलेले आठ हप्ते पॉलिसीत भरले तर विसाव्या वर्षी हाती 24 लाख. तेच आठ हप्ते पीपीएफमध्ये गेले, सोबत हे 72 हजार, तर त्याच वर्षी 28 लाखांच्या वर. म्हणजे आजचा फटका सोसूनही साडेचार लाखांच्या आसपास पुढे. गेलेले पैसे परत आणायला आणखी पैसे पाठवू नका.

तक्रारही करा. तुम्ही लिहिलंय की साहेबांनी व्हॉट्सॲपवर "दोन साल बाद निकाल सकते हो" असं पाठवलं होतं. तो मेसेज हे तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं कागदपत्र. त्याचा फोटो काढून ठेवा. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामक आयआरडीएच्या बिमा भरोसा पोर्टलवर, तरी नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. फ्री-लूकचा, म्हणजे पॉलिसी हाती आल्यावर ती परत करायचा काळ केव्हाच उलटला. पण लेखी पुरावा असलेली तक्रार कंपनीला सहज झटकता येत नाही. मार्चच्या आत बँकेत जाऊन ऑटो-डेबिटची परवानगी लेखी रद्द करून शिक्का घ्या, नाहीतर हा सगळा विचार चालू असताना खात्यातून तिसरा हप्ता गुपचूप निघून जाईल.

आणि या पॉलिसीतला विमा किती? बारा लाख. घरात पाच माणसं, डोक्यावर घराचं कर्ज. तुम्ही नसलात तर बारा लाख दोन-अडीच वर्षं पुरतील. एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा, तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला पंधरा-अठरा हजारांत बसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू असेल तर फॉर्मवर खरं लिहा. आपल्याकडे "चिमूटभर असते फक्त" म्हणून लपवतात, आणि नंतर दाव्याच्या वेळी बायकोला कंपनीशी भांडावं लागतं.

आता गाडी.

तुमचा महिना असा: येतात 58. घराचा हप्ता 13, घरखर्च आणि शाळा 30, पॉलिसीचे महिन्याला पडतात 10. उरतात पाच. साडेआठ लाखांची गाडी, तुमच्या हिशेबाने साडेपाच लाख कर्ज, सात वर्षं, नऊ टक्के, हप्ता पावणेनऊ ते नऊ हजार. इंधन, विमा, सर्व्हिसिंग धरून आणखी चार-पाच. उरलेल्या पाचात हे चौदा बसवायचे कसे? तुमचं उत्तर: केळी.

तुमच्या गावाकडची, रावेरची माणसं केळीवर का भरवसा ठेवतात हे मला कळतं, सगळं घर त्यावर उभं राहिलेलं असतं. पण बाग अजून उभी आहे. मेमधलं एक वादळ, एक करपा किंवा बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव एका आठवड्यात कोसळणं, यातलं काहीही झालं तरी बँकेचा हप्ता पाच तारखेलाच कापला जाणार. शिवाय ती बाग तुमच्या एकट्याची नाही, भावाचीही आहे. केळीचे पैसे आले तर कर्जात भरा, पण येतील असं धरून कर्ज काढू नका.

सीएनजीचा मोह सोडा. कंपनीत तुम्ही मोटरसायकलवरच जाणार. गाडी शाळा, दवाखाना आणि महिन्यातून दोनदा भुसावळ-सावदा मार्गे गाव, म्हणजे सहाशे किलोमीटर. पेट्रोलला महिना साडेतीन हजारांवर, सीएनजीला दोन-सव्वादोन. वाचले दीडेक हजार. सीएनजीच्या गाडीला जास्तीचे नव्वद हजार मोजलेत तर ते वसूल व्हायला पाच वर्षं लागतील. वर डिकी सिलिंडरने खाल्लेली, आणि गावाहून येताना तुम्ही काय काय घेऊन येता ते मला सांगायला नको. मेमध्ये, 44-45 डिग्रीत, आई आणि दोन पोरं गाडीत बसवून सीएनजी पंपाच्या रांगेत उभे राहून बघा. जो माणूस रोज साठ-सत्तर किलोमीटर पळवतो, त्याला घेऊ द्या ती.

पंच की वॅगन आर? सुरक्षेत पंच पुढे आहे, यात वाद नाही. गाड्या आदळून बघणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत 2021 साली तिला पाच तारे मिळाले, वॅगन आरला 2023 मध्ये एक. मुलं मागे बसणार असतील तर हे हलक्यात घेऊ नका. पण आज तुमच्या खिशात नवी पंच नाही. सात वर्षांच्या कर्जाने ती घेतलीत, तर पाच वर्षांनी विमा कंपनी तिची किंमत निम्म्यावर आणते आणि तुमचे हप्ते तरीही दोन वर्षं चालूच.

म्हणून माझं सांगणं: हा पाडवा सोडा, पुढचा धरा. पॉलिसीचे दहा थांबले, त्यातून टर्म विम्याचे दीड गेले, आधीचे पाच धरून महिन्याला साडेतेरा हजार हातात. ते वर्षभर वेगळ्या खात्यात टाका. बँकेत तुमची दीड लाखाची एफडी आहे असं लिहिलंय, तिला हात लावू नका. वर्षाअखेर दीड लाखाच्या वर जमतात. तीन-चार वर्षं वापरलेली, एकाच मालकाची पेट्रोल हॅचबॅक साडेचार लाखांच्या आत बघा. तीन लाख कर्ज, चार वर्षं. जुन्या गाडीला व्याज जास्त, बारा टक्के धरा, हप्ता आठ हजार. पाच हजार गाडीचा खर्च. काठोकाठ, पण बसतं. त्या चार वर्षांत पीपीएफमध्ये मात्र काही जाणार नाही. ती या गाडीची खरी किंमत, आणि ती मोजायची की नाही हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. नाही ठरलं तर गावी जायला भाड्याची गाडी आणि दवाखान्याला रिक्षा यात भागतं का, तेही मोजून बघा. हा पर्याय तुमच्या पत्रात कुठेच नव्हता.

जुनी गाडी बघाल तेव्हा सर्व्हिसची नोंद मागा, आणि आरसीवरचा आधीच्या बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, हे सरकारच्या परिवहन पोर्टलवर आधी तपासा. बघायला भर दुपारी जा. एसी लावून आकाशवाणी चौकाकडून अजिंठा चौफुलीपर्यंत गर्दीतून फिरवा. आणि आईंना सोबत न्या. गुडघा फार न दुमडता, कुणाचा हात न धरता त्यांना मागच्या सीटवर बसता-उतरता आलं पाहिजे. तिथे वॅगन आरची उंच सीट बऱ्याच गाड्यांपेक्षा सोयीची पडते. मागे मुलांना पट्टा लावायचा, धाकट्यासाठी वेगळी सीट घ्यायची, त्याचे चार-पाच हजार आत्ताच हिशेबात धरा.