गावाकडच्या जुन्या घराची दुरुस्ती आणि वाढीव बांधकाम ठेक्याने द्यायचं आहे. ठेकेदार कसा ठरवावा, काय लिहून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातल्या गावात आई-वडील राहतात, घर पंचवीसेक वर्षांचं, स्लॅबचं. समोरची खोली पावसाळ्यात गळते, भिंतींना भेगा आहेत, मागे स्वयंपाकखोली आणि संडास-न्हाणी वाढवायची आहे. तुम्ही पुण्यात. ठेकेदार म्हणतो, "सामानासकट सगळं मिळून अमुक रुपये फूट." हो म्हणावं का?

नका म्हणू. निदान या शब्दांत तरी नको. फुटाचा भाव कोऱ्या जागेवरच्या नव्या घराला चालतो, कारण तिथे पाया, भिंत, स्लॅब, छपाई (प्लास्टर) यांचं प्रमाण साधारण ठरलेलं असतं. दुरुस्तीत फूट मोजायचा कशाचा? ठेकेदार वाढीव खोलीचा फूट धरून भाव सांगतो, गळतीचं काम "करून देऊ ना भाऊ" एवढ्यावर राहतं, आणि पैसे अर्धे गेले की "ते तर वरचं काम होतं" असं ऐकू येतं. तो लबाडच असतो असं नाही. काय ठरलं हे दोघांनाही नीट माहीत नसतं, एवढंच.

तुमच्याकडे एक नाही, तीन कामं आहेत: गळती, भेगा आणि मागचं नवं बांधकाम. पहिल्या दोन्हींचं कारण कळल्याशिवाय त्यांचा भाव काढताच येत नाही. तालुक्याच्या गावातला एखादा सिव्हिल इंजिनीअर एक फेरी मारून पाहून जाईल. त्याला पैसे द्या, आणि तो ठेकेदाराच्या ओळखीतला नको. ज्याचा धंदा छपाईचा, तो छपाईच सुचवणार.

भेगांचं आधी. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात; पायाखालची माती काही वेगळी नसते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी, विटांच्या पायऱ्या धरत जाणारी भेग बहुतेक पायाची असते. भिंतीच्या माथ्याला, स्लॅबच्या लगेच खाली आडवी गेलेली भेग स्लॅब उन्हाने लांबतो-आखडतो त्याची. जाळीसारख्या बारीक भेगा नुसत्या छपाईच्या, त्यांची काळजी नको. शंका असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून अंतर मोजा, तारीख लिहा, मेमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा. उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटणारी भेग सिमेंटने भरली की पुढच्या उन्हाळ्यात तिथेच उघडते. तिचा इलाज भिंतीत नाही, बाहेर आहे: छताचं पाणी पायाशी पडू न देता पाइपने लांब नेणं, घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करणं, आणि न्हाणीचं पाणी पायाशी मुरत असेल तर ते थांबवणं. माती वर्षभर सारखी ओली किंवा सारखी कोरडी राहिली की हलणं कमी होतं. मग भेग भरा.

गळतीत लोक सर्वात जास्त फसतात, कारण काम वरून झाकलं जातं. क्रम उलटा करू नका: आधी वरून पाणी बंद, मग खालची दुरुस्ती. वर जुना कोबा पोकळ वाजत असेल तर तो काढायचा, स्लॅब घासून धुवायचा, भेगा साधारण १० मिमी रुंद आणि तेवढ्याच खोल कापून पॉलिमर मॉर्टरने (चिकटपणासाठी रसायन घातलेल्या सिमेंट-रेतीच्या मसाल्याने) भरायच्या. स्लॅब आणि पॅरापेट (गच्चीची कठडाभिंत) जिथे मिळतात तिथे गोलाई करायची. निम्मी गळती त्या कोपऱ्यातून असते. मग वॉटरप्रूफिंगचे हात आणि त्यावर शंभराला एक एवढा उतार देऊन कोबा. पाणी जायला ४ इंची पाइप, साधारण ४५० चौरस फुटांना एक. बहुतेक घरांत दोन इंची पाइप असतो, तो पाल्यापाचोळ्याने तुंबतो आणि स्लॅबवर तळं होतं. काम झालं की पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास तुंबवून ठेवा आणि खालून पाहा. ही चाचणी ठेक्यात लिहा आणि तिच्याआधी या कामाचे शेवटचे पैसे देऊ नका.

खालून सळाख दिसत असेल, सिमेंटच्या खपल्या पडत असतील, तर गंजलेल्या सळाखेवर सरळ छपाई मारणं म्हणजे गंज झाकणं. गंज फुगतो आणि खपली पुन्हा पडते. सळाख चारी बाजूंनी मोकळी करून तारेच्या ब्रशने घासायची, गंजरोधक लावायचं आणि पॉलिमर मॉर्टर पातळ थरांत भरायचं. सळाख खाऊन पाऊणच जाडीची उरली असेल तर ते मिस्त्रीचं काम राहिलं नाही, इंजिनीअरला दाखवा. एक लक्षात घ्या, गावातला ठेकेदार म्हणजे बहुधा दोन-तीन मिस्त्री आणि रेजा (बाया मजूर) व मजूर घेऊन काम करणारा चांगला मिस्त्रीच असतो. जुडाई (विटांचं बांधकाम), छपाई, फरशी तो उत्तम करेल. वॉटरप्रूफिंग हे त्याचं काम नाही. ते वेगळ्या पार्टीला द्या.

आता मागचं बांधकाम. पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर इंजिनीअरकडून पाया काढून घ्या. "शेजारच्याचा तीन फुटांवर आहे" हे उत्तर नव्हे. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका. भराव मुरमाचा, सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, दुरमुसाने ठोकून. ट्रॉलीभर मुरूम एकदम ओतून वरून पाणी सोडलं की दोन वर्षांत फरशी बसते. नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून गुंतवू नका, मध्ये इंचभर फट ठेवून वरून झाकणपट्टी करा. जुना पाया बसून झालेला असतो, नवा अजून बसायचा असतो. दोन्ही एकत्र जोडले की सांध्यावर भेग ठरलेली. जोत्यावर प्लिंथ बीम (काँक्रीटची तुळई) आणि डीपीसी (ओल अडवणारा थर) घ्याच, नाहीतर दोन पावसाळ्यांत लोणा (ओलीबरोबरचा खार) वर चढतो. संडासाचा शोषखड्डा काळ्या मातीत नीट मुरत नाही. खड्ड्याभोवती सहा इंच रेती-गिट्टीचा भराव घ्या आणि विहीर-हातपंपापासून किमान १५ मीटर लांब ठेवा. ग्रामपंचायतीची परवानगी आणि घराचा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) काम सुरू होण्याआधी हाताशी असू द्या.

ठेका सामानासकट की फक्त मजुरीचा? तुम्ही पुण्यात असला तरी माझं मत मजुरीचाच, जर वडील किंवा घरचं कोणी सामान मोजून घेऊ शकत असेल तर. सामानासकट ठेक्यात सिमेंट वाचवणं हाच नफा असतो. घरी मोजणारं कोणीच नसेल तर सामानासकट द्या, पण सिमेंटची कंपनी आणि प्रकार, सळाखेची ग्रेड, विटेचा प्रकार आणि मिश्रणाचं प्रमाण कागदावर घ्या.

मोजायला अवघड काही नाही. रेतीची ट्रॉली आतून लांबी-रुंदी-उंची फुटांत मोजा, गुणा आणि शंभरने भागा, तेवढे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). १० फूट × ६ फूट × दीड फूट म्हणजे ९० घनफूट. बिल एका ब्रासचं असेल तर दहा टक्के तिथेच गेले. ओली रेती फुगलेली असते, तीही मापात जास्त दिसते. मूठभर रेती काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून तासभर ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या थराच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ट्रॉली परत. रेतीत क्रशरची डस्ट मिसळलेली आहे का ते हातावर घासून कळतं. विटा दहा ओळीने ठेवल्या तर ९ इंची विटेच्या ९० इंच भरल्या पाहिजेत. भट्टीची वीट छोटी असली की एक ब्रास जुडाईला १३५०-१४०० ऐवजी जास्त लागतात आणि तेवढाच मसाला वाढतो. कमरेच्या उंचीवरून टाकली तर फुटू नये, दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर खणखणीत आवाज यावा. सळाख नगावर घेतली तर वजन पाहा: १२ मीटरची ८ मिमी सुमारे ४.७ किलो, १० मिमी ७.४, १२ मिमी १०.७. सिमेंटच्या बोरीवर कोणत्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांवरचं घेऊ नका, आणि बोऱ्या भिंतीला व जमिनीला टेकवून रचू नका.

तुमच्या १० × १२ च्या खोलीच्या ५ इंची स्लॅबला एम-२० (स्लॅबला लागतो तो ताकदीचा दर्जा) काँक्रीट म्हणजे ११-१२ बोऱ्या, बीम वेगळे. एका बोरीला रेती पावणेदोन-दोन घनफूट, गिट्टी पावणेचार, पाणी साधारण २५ लिटर. रेती ओली असेल तर पाणी कमी. घमेल्याने मोजू नका, एकेकाचं घमेलं वेगळं. सव्वा घनफुटाची लाकडी पेटी करून घ्या, ती बरोबर एका बोरीएवढी असते. पाणी वाढवलं की मिस्त्रीला पसरायला सोपं जातं आणि स्लॅब कच्चा होतो. सळाखेखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक हवेत, गिट्टीचे खडे नव्हे. छपाई १:४ मध्ये १२ मिमी जाड केली तर १०० चौरस फुटांना सुमारे एक बोरी लागते. हा आकडा वडिलांना सांगून ठेवा; रोज किती बोऱ्या फुटल्या ते त्यांनी वहीत लिहिलं तरी बराच धाक राहतो.

भांडण हमखास होतं ते तराईवरून, म्हणजे नव्या कामाला पाणी मारून ओलं ठेवण्यावरून. "तराई मालकाची" असं ठेकेदार गृहीत धरतो, मालक गृहीत धरतो ठेकेदाराची, आणि भिंत कोरडी राहते. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला आपल्या उन्हाळ्यात किमान १४ दिवस तराई लागते. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवायचं, भिंतीवर गोणपाट. कोण मारणार, टँकर कोणाच्या खर्चाने, हे लिहा. (अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले लोक हे वाचत असतील तर: बोअरचं खारं पाणी स्लॅबच्या काँक्रीटला आणि तराईला वापरू नका, सळाख आतून गंजते.)

कागद साधा असला तरी चालेल, ५०० च्या स्टॅम्प पेपरवर, दोन साक्षीदार घेऊन. त्यात प्रत्येक काम वेगळ्या ओळीत, माप आणि भाव. मोजणी कशी, हेही: छपाईत दारं-खिडक्या वजा होणार का, छज्जा आणि पॅरापेट वेगळे का. सरकारी मोजणीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत, तीन चौरस मीटरपर्यंतची एका बाजूनेच वजा करतात. तुम्ही तेच धरा. सेंट्रिंग (स्लॅबचा साचा आणि टेकू) कोणाचं, मलबा कोण उचलणार, वायरिंग आणि पाइपच्या खाचा छपाईआधी मारून होतील का, आणि वाढीव काम निघालं तर आधी भाव लिहून मगच सुरू, ही एक ओळ नक्की.

पैसे: सुरुवातीला दहा टक्क्यांहून जास्त नको. मग जोतं, स्लॅबच्या उंचीपर्यंत जुडाई, स्लॅब, छपाई, फरशी, असं एकेक झाल्यावर. गावात मजुरांचा चुकारा (आठवड्याची मजुरी) बाजाराच्या दिवशी होतो, म्हणून आदल्या रात्री ठेकेदाराचा फोन येणारच. तेव्हा तेवढा चुकारा द्या, पण त्याच्या नावावर बँकेतून किंवा यूपीआयने आणि पुढच्या हप्त्यातून वळता करून. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर. यावर जो अजिबात तयार होत नाही, त्याला काम देऊ नका. कागद आणि बँकेच्या नोंदी असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तिथे फी लागत नाही.

ठेकेदार निवडताना त्याचं ताजं रंगवलेलं घर पाहू नका. दोन पावसाळे झालेलं पाहा: पाण्याच्या टाकीखालचं छत, न्हाणीच्या पलीकडची भिंत, पॅरापेटचा पायथा. त्या घरातल्या बाईमाणसांना विचारा, न्हाणीचं पाणी जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं. सध्या त्याची किती कामं सुरू आहेत हेही विचारा; तीनहून जास्त असतील आणि मिस्त्री चारच असतील, तर तुमचं काम महिन्यातून आठ दिवस चालेल.

वेळही बघून घ्या. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, पुढे जानेवारीपर्यंत कापूस वेचणी, त्या काळात रेजा मिळत नाहीत. पूर्व विदर्भात धानाची रोवणी आणि तेंदूपत्त्याचा हंगाम यांचं तेच. पावसाळ्यात रेतीघाट बंद, भाव चढे. रेती दिवाळीनंतर घेऊन ताडपत्रीखाली ठेवा, वाहतूक परवान्याची पावती जपून ठेवा. जोतं आणि जुडाई जानेवारी-फेब्रुवारीत धरा, स्लॅब मार्चच्या आत, आणि गळतीचं वॉटरप्रूफिंग एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर. दुपारी स्लॅब तापलेला असतो, लावलेला थर वाळण्याआधीच तडकतो.